डिंपल, बॅग भरण्याआधी

बस माय आधी. चहा होऊ दे, बॅग नंतर भर.
तुझी ती गुलाबी ट्रॉली बघितली मी कंपनीच्या गेटवर.
चाकं बरी दिसतात, तरी भुसावळच्या फलाटावर
एकदा ओढून बघ,
तिथे टिकली तर सायगॉनलाही टिकतील.

पासपोर्टची मुदत सहा महिने तरी उरलेली हवी.
हे मी कोलंबोला निघालो तेव्हा
मुंबईच्या काउंटरवर शिकलो,
आणि रात्रीच्याच गाडीने जळगावला परत आलो.
घरी सांगितलं, मीटिंग रद्द झाली.
घरी अजून तसंच माहीत आहे.
तू बोलू नकोस.

बिबड्या घे. भाजलेल्या, तळलेल्या नको,
तेल कपड्यांत उतरतं.
ठेचा तर मुळीच नको.
तैपेईत माझी बाटली फुटली होती,
तीन शर्ट आणि एक कोटेशन लाल झालं,
कस्टमवाला शिंकत राहिला
आणि मला चिनी भाषेत माफी मागता येईना.
आता येते. तेवढीच येते.

कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं.
घेतलेलं लगेच खिशात कोंबायचं नाही,
लग्नाची पत्रिका वाचतो तसं वाचायचं,
खालच्या ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’सकट.
ओसाकातला माणूस ‘बघतो’ म्हणाला
की समज, नाही.
जामनेरचा म्हणाला, की समज, उधार.

हॉटेलचं नाव तिथल्या लिपीत लिहून घे
आणि तो कागद मोबाइलच्या कव्हरमागे ठेव.
मोबाइल मरतो, कागद मरत नाही.
बेचाळीस डिग्रीत वाढलेली माणसं आपण,
त्यांच्या एसीत आपली नाकं गळतात,
शाल घे.
एकट्या बाईने काय जपायचं, ते मला ठाऊक नाही,
सतरा वर्षांत मला कुणी विचारलंही नाही.
तू येऊन सांग, लिहून ठेवू,
पुढच्या मुलीला लागेल.

सोलमध्ये तू साडेतीन तास पुढे असशील.
इथे सात वाजता शेठ फोन करतील,
तिथे साडेदहा झालेले असतील.
उचलू नकोस.
मी उचलत आलो,
त्यांना ती सवय मीच लावली.

आणि ही चटई,
सहा बाय चार, निळी-पांढरी, नंबर एकशे अकरा,
सामानात टाकू नकोस, हाताशी ठेव.
क्वालालंपूरला विमान नऊ तास लांबलं होतं,
खुर्च्या भरलेल्या, फरशी बर्फासारखी.
मी हीच पसरली आणि आडवा झालो.
एक म्हातारा आला, सुमात्राचा,
गुडघा धरून उभा,
प्रार्थनेची खोली लांब होती त्याला.
मी उठलो, चटई झटकली,
तो सांगेल त्या दिशेला वळवून दिली.
नंतर त्याने खजूर काढले, मी बिबडी,
दोघांनीही एकमेकांचं बेताबेतानेच खाल्लं.
कुठली, म्हणून त्याने बोटाने विचारलं.
जळगाव, म्हणालो.
त्याने दोनदा म्हणून बघितलं,
ळ काही जमला नाही.
मग किती तरी वेळ चटईचा काठ चाचपत बसला,
जिथे आपण गरम पट्टीने कड दाबतो ना, तिथे.
बारा लाख मीटर विकून
मी कधी हात फिरवला नव्हता त्या कडेवरून.

कार्ड मागायचं राहिलं.
शेठ ऐकून म्हणाले, भंगाळे, तू म्हातारा झालास.
तेव्हा मी एकोणचाळीसचा होतो.

निवला बघ तुझा चहा.
रिक्षावाल्याला पावणेदहा सांगितलंय,
म्हणजे तो साडेनवालाच येऊन हॉर्न वाजवेल.
चल, भर आता.
चटई सगळ्यात वर.